थंड तारेचा रोध

सावळजच्या स्टँडमागं, मुलाणी रिवाइंडिंगच्या शटरवर
खडूनं काढलेला एक त्रिकोण असतो बारमाही.
वर व्ही. खाली आय आणि आर शेजारी शेजारी.
जे हवं त्यावर बोट ठेवायचं,
झाकलेलं अक्षर उरलेल्या दोघांतून निघतं.
शटर वर-खाली करून तो पुसतो,
गुलाबचाचा पुन्हा काढतात, दर वेळी थोडा तिरका.

मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला, वायरमन.
वर्गात मुलगी एकच.
सुट्टीत इथं पहिले आठ दिवस नुसतं जळकं तांबं उपसलं,
रात्री भाकरीलाही वार्निशचा वास.

नवव्या दिवशी चाचांनी सिरीजचा बल्ब काढून हातात दिला,
शंभर वॅटचा, जुना, बुडाला काळवंडलेला.
"काढ रेझिस्टन्स."

वहीत मांडलं.
शंभर भागिले दोनशे तीस :
पॉइंट त्रेचाळीस अँपिअर, वर चिमूटभर.
आता त्यानंच दोनशे तीसला भागायचं.
पाचशे एकोणतीस ओहम.
खाली दोन रेघा मारल्या, शाळेत मारायचो तशा.

"आता मीटर लाव."
मीटर म्हणाला, अडतीस.

टोकं घासली, पुन्हा लावली. अडतीस.
मीटरचे सेल बदलले. अडतीस.
अडतीस धरून उलटं मांडलं तर
सहा अँपिअर, जवळजवळ चौदाशे वॅट,
एवढ्याशा काचेत अख्खी शेगडी!
म्हटलं, मीटर खोटा.
मग म्हटलं, बल्ब खोटा.
मग माझ्याच आकड्यांकडं बघत बसले.

चाचा बशीत चहा ओतत होते.
"बल्ब लागलाय का?"
"नाही."
"मग थंड तारंला इचारून
तापल्या तारंचं उत्तर कसं मिळंल?"

बल्ब लावला. मध्ये अँपिअरमीटर.
सावळजची लाइन दोनशे तीस कधी देत नाही,
संध्याकाळचे दोनशे अठरा होते.
काटा पॉइंट बेचाळीसवर.
भागलं : पाचशे एकोणीस.
गुणलं : साडेएक्क्याण्णव वॅट.
पुस्तकाहून कमी, पण खरं.
तार तापते तसा तिचा रोध वाढत जातो,
आणि वीज मापात येते.

"आन् त्ये सहा अँपिअर?" चाचांनीच विचारलं.
"ते कुठंच नाहीत."
"हायत की. बटन दाबलं की पयल्या क्षणाला.
तार थंड असती, अडवायला कोण नसतं.
डोळं मिटायच्या आत सहा धावतात, मग आवरतात.
म्हातारी तार तिथंच तुटती."

मी पाना खाली ठेवला.

आमच्या घरातले दोन बल्ब आईच्या बोटाखाली गेले होते,
टिक्, निळा झटका, अंधार.
आत्या म्हणाली होती, हिच्या हातालाच काहीतरी हाय.
तेव्हापासून आई बटणाला हात लावत नाही.
हाक मारते, "ये गं, दिवा लाव."
आता घरात एलईडी आहेत, त्यांत तारच नाही,
तरी हाक मारते.

रात्री ती बेदाण्याच्या शेडवरून आली,
बोटांना गंधकाचा वास.
वही पुढ्यात धरून सगळं सांगितलं,
दोनशे तीस, अडतीस, सहा.
आकड्यांकडं तिनं पाहिलं नाही.
"सहा म्हंजी लई असतंय का?"
"आपले अठरा पंखे फिरतील एवढं."
"अठरा."
हात पुसत राहिली बराच वेळ.
"मग तवा का बोललं न्हाई कोण?"

कोणी भागलंच नव्हतं, आई.

ती उठली. दोनच तर खोल्या.
आतला लावला, बाहेरचा लावला,
बंद केले, पुन्हा लावले,
न्हाणीचाही.
मग "बिल येतंय गं," असं स्वतःच पुटपुटत
एकेक बंद केला,
आणि आम्ही काही वेळ तशाच बसलो.